पदकातले ‘पद’

छातीवर रंगीत फितींची ओळ दिसली की आपल्या तोंडून सहज निघते, ‘केवढा शूर माणूस!’ शूर तो असेलही, पण त्या ओळीतल्या बहुतेक फिती शौर्याच्या नसतात. शौर्यपदक एखाद्या कृत्यासाठी मिळते. कोणी मोर्चा घेतलेला असतो, कोणी जखमी सोबत्याला गोळ्यांच्या माऱ्यातून उचलून आणलेले असते. मोहिमेचे पदक असे काही विचारत नाही. ठरलेल्या तारखांच्या दरम्यान, ठरलेल्या मुलखात, ठरलेल्या यादीत तुमचे नाव होते की नाही, एवढेच ते पाहते. म्हणूनच त्याचा इतिहास मला शौर्यपदकांच्या इतिहासापेक्षा जास्त ओढून घेतो. तारखा कोणी ठरवल्या, मुलूख कोणी आखला आणि यादी करताना कोण बाहेर राहिले, हे त्यात लख्ख दिसते. मराठी मुलखाचा तर या इतिहासाशी अगदी आरंभापासून संबंध आहे.

आपण या वस्तूला ‘पदक’ म्हणतो. संस्कृतात ‘पद’ म्हणजे पाऊल, पद म्हणजे पाऊल टेकते ते ठिकाण आणि पद म्हणजे हुद्दा. हे तिन्ही अर्थ मराठीत आजही जिवंत आहेत. मोहिमेच्या पदकांचे नियम वाचताना हे तिन्ही अर्थ मला एकमेकांशी झगडताना दिसतात. माणसाचे पाऊल त्या ठिकाणी पडले हे मोजायचे, की त्याचा हुद्दा मोजायचा?

जुन्या मराठीत पदक हा निव्वळ दागिना होता. कंठ्याच्या मधोमध ओवलेला, छातीवर येणारा, जडावाचा किंवा कोरीव पत्र्याचा. देवाच्या गळ्यात पदक असे, श्रीमंतांच्या गळ्यात असे, आणि दरबारातून बहुमान व्हायचा तेव्हा शिरपेच, कंठी, कडी यांच्या जोडीने तेही दिले जाई. संस्कृत कोशांत पदकाचा एक अर्थ ‘निष्क’ असा दिलेला आहे. हा निष्क ऋग्वेदात गळ्यात घालायचा सोन्याचा दागिना आहे आणि पुढच्या काळात तोच शब्द सोन्याच्या नाण्याला लागला. गळ्यातले सोने आणि व्यवहारातले सोने यांत अंतर फार नव्हतेच. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतही मूळच्या पुतळ्या म्हणजे व्हेनिसची सोन्याची नाणीच होती.

युरोपात ‘मेडल’ शब्दही नाण्याच्याच घरातला आहे. फ्रेंच ‘मेदाय’, त्यामागे इटालियन ‘मेदाल्या’. मध्ययुगात मेदाल्या हे अर्ध्या किमतीच्या एका हलक्या नाण्याचे नाव होते. हिंदी-उर्दूतल्या ‘तमगा’ची वाट वेगळी. तो तुर्की शब्द. गुराघोड्यांच्या अंगावर मालकीचा डाग द्यायचे, तो तमगा. पुढे तमगा म्हणजे राजाचा शिक्का झाला, मग मालावर शिक्का मारून वसूल केलेली जकातही तमगाच झाली. १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी बाबराने दारू सोडली आणि मुसलमानांवरचा ‘तमगा’ माफ केला, तो हा कर. आज पाकिस्तानी लष्कराच्या कित्येक पदकांच्या नावात तमगा आहे. निष्क, मेदाल्या आणि तमगा यांपैकी कोणत्याही शब्दात मुळात शौर्य नाही. त्यांच्यात किंमत आहे, शिक्का आहे, मालकी आहे.

आता पहिले पदक पाहू. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्कराची एक फौज देश ओलांडून पश्चिमेला आली. १७७८ मध्ये निघालेली ही फौज कर्नल गॉडर्डच्या हाताखाली १७७९ च्या आरंभी सुरतेस पोचली. सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला. त्यानंतर या मोहिमेसाठी आणि कर्नाटकातल्या मोहिमेसाठी कंपनीने जे पदक पाडले ते ‘डेक्कन मेडल’. दक्षिणचे झाले दख्खन, दख्खनचे झाले डेक्कन. कंपनीचे हे पहिले मोहीमपदक मराठ्यांशी लढलेल्या शिपायांसाठी होते आणि ते फक्त हिंदी शिपायांना व हिंदी अंमलदारांना दिले गेले, गोऱ्यांना नाही. त्याच्या एका बाजूला हिजरी ११९९ या सालासह फारसी मजकूर आहे. नाणे जसे जगात चालते तसा, बंगालपासून दख्खनपर्यंत इंग्रजांचे नाव नेणाऱ्या या वीरांचा लौकिक चालत राहो, असा त्याचा आशय. पदक आणि नाणे यांचे जुने नाते त्या फारसी मुनशीच्या लेखणीतून आपोआप उतरले. हे पदक छातीला टाचायचे नव्हते, पिवळ्या गोफाने गळ्यात घालायचे होते. म्हणजे मराठीच्या जुन्या अर्थानेही ते पदकच होते.

पण त्याच पदकात हुद्दाही शिरला. वरच्या हिंदी अंमलदारांना सोन्याचे, त्यांच्याखालच्यांना चांदीचे आणि साध्या शिपायांना चांदीचेच, पण आकाराने लहान. टिपूचा पाडाव झाल्यावर १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईसाठी जे पदक निघाले त्यात ही उतरंड पुरती पाच धातूंची झाली. सेनापती आणि राजेरजवाड्यांना सोन्याचे, मोठ्या अंमलदारांना चांदीवर मुलामा दिलेले, लहान अंमलदारांना चांदीचे, हवालदार-नाईकांना ब्राँझचे आणि साध्या शिपायाला कथलाचे. सगळ्यांवर चित्र एकच, वाघाला लोळवणारा सिंह. भिंतीला पडलेल्या भगदाडातून जो पहिल्यांदा आत घुसला त्याच्या वाट्याला कथील, हे मला आजही सहन होत नाही. ब्रिटनमध्ये वॉटर्लूच्या पदकाने ही रीत मोडली. ते १८१६ मध्ये वाटले गेले, सरदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांना एकाच धातूचे, आणि प्रत्येकाच्या काठावर त्याचे नाव ठोकलेले. काठावरच्या त्या नावामुळे पदक आणि दागिना यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

हिंदुस्थानच्या फौजेला ही समता यायला वेळ लागला, आणि आली तेव्हा फार उशीर झाला होता. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठीचे ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ मंजूर झाले १८५१ मध्ये. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, म्हणजे मध्ये ४८ वर्षे गेली होती. पदक चांदीचे, सगळ्यांना सारखे, निळसर रिबनचे. अट मात्र अशी की मागणारा स्वतः हयात हवा. मेलेल्याच्या बायकोला, मुलाला काही नाही. एवढ्या प्रचंड फौजेतून सुमारे ४,५०० पदकेच दिली गेली. रणात पडला तो अपात्र, म्हातारपणी मेला तोही अपात्र, आणि लांबच्या गावी जिवंत होता पण ज्याच्यापर्यंत बातमीच पोचली नाही, तोही अपात्र.

या पदकाच्या रिबनवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी, म्हणजे क्लास्प, लावत. एकूण २१ नावे, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास आपल्या परिचयाची गावे आणि किल्ले. या पट्ट्यांवरची इंग्रजी अक्षरे नीट वाचली तर इंग्रजांच्या कानाला त्या वेळची मराठी कशी ऐकू आली याचा लेखी पुरावा मिळतो. खडकीचे ‘किर्की’, अडगावचे ‘आर्गॉम’, गाविलगडचे ‘गाविलघर’. तिन्ही ठिकाणी आपला ड त्यांना र ऐकू आला. सीताबर्डीच्या र चा मात्र ल झाला, ‘सीताबल्डी’. आणि कोरेगावचे ‘कोरीगॉम’. शेवटचा हा ‘म’ कुठून आला? तो म नव्हेच, ते आपले अनुनासिक आहे. ‘गांव’ हा शब्द तेव्हा नाकातून उच्चारला जाई आणि अनुस्वार देऊनच लिहिला जाई. पोर्तुगीज लिहिण्यात नाकातला स्वर म ने दाखवतात, तीच रीत बेळगाव-गोरेगावच्या इंग्रजी स्पेलिंगांत रुजली. १९६२ च्या लेखननियमांनी आपण तो अनुस्वार काढून टाकला, पण चांदीच्या त्या पट्टीवर तो अजून आहे.

कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. तिथल्या स्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे कितीतरी. दगडावर मेलेल्यांना जागा मिळाली, चांदीवर फक्त ३३ वर्षांनी जिवंत उरलेल्यांना. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरतीच बंद झाली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारला जे अर्ज केले, त्यांत वाडवडिलांच्या लष्करी सेवेचा दाखला होता. आमच्या माणसांचे पाऊल तिथे पडले होते, हेच त्यांचे म्हणणे.

इथवर निदान शिपायांची गोष्ट झाली. शिपाई नसलेल्यांचे काय? त्यांच्यासाठी मराठीत एक शब्द आहे आणि तो आपण शिवीसारखा वापरतो: बुणगे, बाजारबुणगे. मूळ फारसी ‘बुनगाह’, म्हणजे सामानसुमान ठेवायची जागा, फौजेच्या पिछाडीचा तळ. आधी ते ठिकाणाचे नाव होते, मग तिथल्या सामानाचे झाले, मग सामानाबरोबरच्या माणसांचे. माणसांना लागल्यावर त्याची किंमत घसरली. पानिपतावरचे लाखभर बुणगे आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ दोषी म्हणूनच उभे असतात. पण फौज चालते कोणाच्या जिवावर? पखालीतून पाणी पाजणारा भिस्ती, घोड्याची निगा ठेवणारा मोतद्दार, गवत कापून आणणारा घासकाप्या, जखमींना उचलणारा डोलीवाला, खेचरे हाकणारा, स्वयंपाकी, झाडूवाला. भिस्ती हा शब्द बिहिश्त म्हणजे स्वर्गावरून आलेला, तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीचा माणूस. ‘लष्कर’ या शब्दाचेही असेच झाले. आपल्याकडे त्याचा अर्थ अख्खी फौज. इंग्रजांनी तोच शब्द ‘लास्कर’ करून घेतला आणि तोफा ओढणाऱ्या, तंबू ठोकणाऱ्या, जहाजावर राबणाऱ्या माणसाला चिकटवला. शब्दांची अशी घसरण होते तेव्हा त्यांच्याबरोबर माणसेही घसरतात.

इंग्रजी फौजेत या सगळ्यांना ‘फॉलोअर’ म्हणत, मागून येणारे. ते गोळीच्या टप्प्यात असत, थंडीने गारठत, पटकीने मरत. १८८५ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून त्यांनाही पदक देण्याची पद्धत सुरू झाली, पण धातू वेगळा: लढणाऱ्यांना चांदी, बुणग्यांना ब्राँझ. १८९५ चे ‘इंडिया मेडल’, १९०० चे चीनचे पदक, १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेचे पदक, सगळीकडे हाच भेद. तिबेटच्या घाटांतून पाठीवर ओझी नेणाऱ्या हमालांना ब्राँझ मिळाले.

१८९५ चे इंडिया मेडल पाहा. किरमिजी रिबन, त्यावर दोन गर्द हिरव्या पट्ट्या. पुढच्या बाजूला व्हिक्टोरिया राणी. मागच्या बाजूला एक गोरा आणि एक हिंदी शिपाई, दोघांनी मिळून एकच निशाण धरलेले. ब्राँझच्या पदकावरही चित्र तेच. ज्याला ते मिळाले तो खेचरवाला त्या चित्रात कुठेही नाही. पण काठ बोटांनी फिरवला की तो सापडतो. तिथे त्याचे नाव आहे आणि नावाआधी त्याचे काम: कुक, भिस्ती, स्वीपर, म्यूल ड्रायव्हर. पुढे पलटणीचे नाव. या माणसांची नावे दुसरीकडे फारशी कुठे नाहीत. हुद्द्याने त्याला हलका धातू दिला, पण पावलाची नोंद मात्र झाली. म्हणून मला ही ब्राँझची पदके चांदीच्या पदकांपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

पाऊल पडले तरी ठिकाणच मोजले जात नाही, असेही झाले आहे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रजी ब्रिगेडचा धुव्वा उडाला. मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्स रायफल्स या पलटणी त्या दिवशी तिथे होत्या, गोऱ्यांची ६६ वी पलटणही होती. अफगाण पदकावर अली मशीद, पेवार कोटल, चारासिया, काबूल, अहमद खेल, कंदाहार अशा पट्ट्या आहेत, मैवंदची नाही. जिंकलेल्या लढाईला पट्टी मिळाली, हरलेल्या लढाईत मेलेल्यांना पट्टी नाही. ६६ व्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा त्या कत्तलीतून जखमी होऊन वाचला. १८८१ मध्ये ऑसबोर्न हाउसमध्ये राणीने स्वतः त्याच्या गळ्यात अफगाण पदक घातले. बॉबीचे पदक मला अजिबात खटकत नाही, तो तिथे होता. मोहिमेच्या पदकाचा खरा अर्थ राणीला त्या क्षणी बरोबर कळला होता असे मी म्हणेन. तोच अर्थ मैवंदच्या पट्टीबाबतही लावायला हवा होता.

इथे ‘पात्र’ शब्दाकडे वळले पाहिजे, कारण पदकांच्या नियमांत तो पदोपदी येतो. पात्र म्हणजे मुळात पिण्याचे भांडे. त्यावरून दान ओतण्याजोगा माणूस, सुपात्र. पात्रता घेणाऱ्याची असली तरी ती ठरवतो देणारा. ‘हक्क’ हा अरबी शब्द वेगळ्या वळणाचा. हक्क म्हणजे सत्य, जे खरे आहे ते. हकदार माणूस मागतो ते मुळात त्याचेच असते. विसाव्या शतकात मोहिमेच्या पदकांचे नियम जसजसे तारखा-दिवसांच्या भाषेत लिहिले गेले, तसतसा शिपाई पात्र न राहता हकदार होत गेला. १९०८ पासूनच्या नव्या सीमापदकात पहिल्या दोनच मोहिमांसाठी ब्राँझ निघाले, नंतर सगळ्यांनाच चांदी. तरी जुनी खोड पुन्हा वर आली. पहिल्या महायुद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या लाखो चांदीच्या प्रतींबरोबर सुमारे १,१०,००० ब्राँझच्या पाडल्या गेल्या, त्या बहुतांशी चिनी, माल्टाच्या आणि हिंदी मजूर पलटणींसाठी.

दुसऱ्या महायुद्धात हिशेब दिवसांवर आला. ‘१९३९-४५ स्टार’साठी साधारण सहा महिन्यांची युद्धक्षेत्रातली नोकरी लागे, तर ‘आफ्रिका स्टार’साठी १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत एक दिवससुद्धा पुरे. मराठा पलटणी इरिट्रियात केरेनला लढल्या, वाळवंटात लढल्या, मग इटलीत गेल्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत ताऱ्याच्या आकाराची ही पदके आली ती अशी. त्यांच्या फितींना आपण ‘फीत’ म्हणतो तोही बाहेरचाच शब्द, पोर्तुगीज ‘फिता’. ‘मोहीम’सुद्धा अरबीतून, मूळ अर्थ महत्त्वाचे, चिंतेचे काम. आता महत्त्वाचे काय हे ठरवतो तोच मोहिमेला नाव देतो आणि पदकही पाडतो.

स्वातंत्र्यानंतर ही नावे आपण आपली ठेवली. १९६५ च्या युद्धात प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना ‘समर सेवा स्टार’. त्या वर्षी ५ ऑगस्टला किमान १८० दिवसांची नोकरी झालेल्यांना, ते कुठेही असोत, ‘रक्षा पदक’. १९७१ मध्ये ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ ही नावे सरळ दिशांचीच, आणि त्यांच्या जोडीला अधिक रुंद वर्तुळाचे ‘संग्राम पदक’. लढाऊ तुकड्यांपुरते ते मर्यादित नव्हते, निमलष्करी दलांनाही ते मिळाले. ब्राँझचा आणि चांदीचा भेद संपला. स्वयंपाकी आणि न्हावीही आता गणवेशातले शिपाईच असतात आणि पदक तेच लावतात.

ही नावे ज्यांनी निवडली त्यांनी फार चांगले शब्द उचलले. ‘समर’ म्हणजे मुळात एकत्र येणे, समोरासमोर येणे. ‘संग्राम’ही तसाच. वेदकाळात ग्राम म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नव्हे, तर गाड्या-गुरे घेऊन चालणारा माणसांचा जथा. असे दोन ग्राम एकमेकांवर आले की संग्राम. त्या जथ्यात लढणारा वेगळा आणि ओझे नेणारा वेगळा अशी वाटणी नसणार, सगळा ग्रामच तिथे असे. पुढे तो जथा स्थिरावला, ग्रामचे प्राकृतात ‘गाम’ झाले आणि मराठीत ‘गांव’. म्हणजे १८५१ च्या चांदीच्या पट्टीवरच्या कोरीगॉममधला ‘गॉम’ आणि १९७१ च्या संग्राम पदकातला ‘ग्राम’ हा एकच शब्द. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाच्या नावामागे तर ‘मिलिटरी’ लागले आहे. तिथे गाव आणि संग्राम यांची गाठ आजही सुटलेली नाही.

कोणाच्या घरी जुन्या पेटीत असे पदक असेल तर एक विनंती. चांदीची पुष्कळशी पदके अडीअडचणीला सराफाच्या मुशीत गेली. ब्राँझची उरली, कारण त्यांना भाव नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत ती चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. राणीचा चेहरा झिजला तरी तो दुसऱ्या हजारो पदकांवर आहे. काठावरची अक्षरे मात्र बारीक आणि उथळ असतात, ती आधी जातात. तिरप्या उजेडात काठ फिरवत ती वाचा, कागदावर उतरवा, आणि नावाआधी भिस्ती, कुक किंवा स्वीपर असे काही असेल तर तेही गाळू नका.